पौषातलं वाळवण

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या ऑफिसातला फोन खाली ठेवायला सवड मिळत नाही. उन्हाळाभर ज्यांना आमची आठवणसुद्धा झालेली नसते असे सगळे गॅरेजवाले, गोदामवाले, गाड्यांचे सुटे भाग बनवणारे एका सकाळी एकदम कुडकुडायला लागतात आणि मग त्यांना आम्ही आत्ताच्या आत्ता हवे असतो. कुणाचा हीटर पेटत नाही, कुणाचा पेटून विझतो, कुणाला वास येतो. वास तर येणारच. छताला टांगलेल्या त्या पत्र्याच्या पेटीवर उन्हाळाभर धूळ साचते आणि पहिल्यांदा पेटवलं की ती जळते. थोडा वेळ दार उघडं ठेवा, जाईल, असं मी फोनवर सांगते. मला स्वतःला मात्र तो वास सोसत नाही. त्याच्यात मला गव्हाच्या चिकाचा वास येतो, जो तिथे दुसऱ्या कुणालाही येत नसतो, आणि प्रमिलाकाकू आठवतात. मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये राहते. या गावात मराठी माणूस म्हटला की तो गाड्यांच्या कंपनीत नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये असायचा हे ठरलेलंच. मीही गाड्यांच्याच कंपनीत होते. मंदीत त्यांनी नारळ दिला आणि मी या छोट्या कंपनीत आले. आम्ही मोठ्या इमारतींत, वर्कशॉपमध्ये गॅसचे हीटर बसवतो. घरातली भट्टी तळघरात गपचूप बसलेली असते, हा हीटर उघडाच छताला टांगलेला असतो. आत जाळ, मागे पंखा, पुढे तिरक्या पट्ट्या. त्या पट्ट्या वळवाल तिकडे गरम झोत जातो. महाराष्ट्र मंडळात माझ्या नोकरीची थोडी गंमत वाटते लोकांना. इंजिनिअर बाई, आणि शिडीवर चढून छतात डोकं घालते! प्रत्येक पार्टीत कुणीतरी प्लेट हातात घेऊन येतो आणि आपल्या घरातल्या भट्टीचा आवाज तोंडानं काढून दाखवतो. मी हसून निदान करते. सगळ्यांना मी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत असते: आगीला श्वास घ्यायला हवा लागते, आणि तिनं सोडलेला श्वास बाहेर जावा लागतो. एवढं नीट झालं की आग बिचारी गुणी असते.

एक हिवाळा मात्र अजून मला सोडत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मंडळात कुरडया आल्या. आल्या म्हणजे कुणीतरी एका मोठ्या डब्यातून आणल्या, तळल्या, आणि हॉलभर जो कुरकुर आवाज सुरू झाला तो मार्चपर्यंत थांबलाच नाही. पांढऱ्याशुभ्र, हलक्या, तळल्यावर दुप्पट फुलणाऱ्या. पाठोपाठ साबुदाण्याच्या पापड्या आल्या, बटाट्याचा कीस आला, मग खानदेशी बिबडे. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ते इथे मिशिगनमध्ये, बर्फ पडत असताना, ताजे! जळगावच्या एका गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. कोण करतं? मंडळातल्या राजेशची आई, प्रमिलाकाकू. लगेच सगळ्यांनी ऑर्डरी दिल्या. मीही दिली. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य नावापुरता उगवतो. राखाडी उजेड येतो आणि चहाच्या वेळेला जातो. वाळवणाला ऊन लागतं हे मला, अकोल्याच्या मुलीला, कुणी शिकवायला नको. आमच्या गच्चीवर मे महिन्यात अनवाणी पाय ठेवला तर फोड यायचा. अर्धओल्या पापड्या चोरून खाताना आईच्या हातचे धपाटे मी खाल्ले आहेत. तरीही, काकूंनी हे ऊन आणलं कुठून, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तोंडात कुरडई असली की प्रश्न येत नाहीत.

प्रमिलाकाकू धुळ्याच्या. काका गेल्यावर राजेशनं त्यांना इकडे आणलं. राजेशचं घर मोठं, स्वच्छ, आणि दिवसभर रिकामं. तो आणि त्याची बायको कामावर, मुलगी ईशा कॉलेजात. काकू खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणारी कुत्री बघायच्या. मागच्या अंगणात दोरी बांधून लुगडं वाळत घातलं तर सोसायटीचं पत्र आलं, इथे बाहेर कपडे वाळत घालता येत नाहीत. काकूंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "अंगण आपलं, लुगडं माझं, सूर्य देवाचा. यांचं काय गेलं?" असं त्या मला म्हणाल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता अचंबा होता. एकट्या घरात त्या बोलेनाशा झाल्या, तेव्हा राजेशनं त्यांना आपल्याबरोबर वर्कशॉपमध्ये न्यायला सुरुवात केली. ट्वेल्व्ह माइल रोडच्या पुढे औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. गाड्यांच्या कारखान्यांना लागणारे लोखंडी साचे तिथे बनतात. दोन कामगार, मार्कस आणि डेव्ह, वेल्डिंगचं टेबल, आणि मागे एक मोठी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेवर छताला जुना हीटर.

पहिल्याच दिवशी काकू त्या झोताखाली जाऊन उभ्या राहिल्या म्हणे. वर बघितलं, हात पसरले, आणि राजेशला म्हणाल्या, "अरे, हे तर वैशाखातलं ऊन आहे."

जानेवारीच्या सुरुवातीला राजेशचा मला फोन आला. "नीलिमा, यार, एक फेव्हर कर. आमचा हीटर सारखा बंद पडतोय. बटन रिसेट केलं की चालतो, पण दिवसातून चार-पाच वेळा करावं लागतं. नवीनच टाकून देऊ का?" मी म्हटलं येऊन बघते. दुपार होती. रस्त्यावर मिठाचा पांढरा चुरा, कडेला काळपट बर्फाचे ढीग. मैत्रिणीच्या घरी जावं तशी मी गेले, हवा तपासायचा मीटर व्हॅनमध्येच ठेवून.

आत जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढे आहे. मागच्या मोकळ्या जागेत लाकडी पॅलेट रचून काकूंनी खाटा केल्या होत्या. त्यांच्यावर धुतलेली धोतरं, चादरी, आणि त्यांवर ओळीनं कुरडया. पांढऱ्या, ओलसर, एकीला दुसरी न चिकटलेल्या. वर आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर पातळ कापडं. त्यांच्यावर कसले तरी सांडगे. हीटरच्या पट्ट्या खाली वळवलेल्या. गरम झोत येत होता आणि सगळी कापडं हळूहळू हलत होती. हवेत चिकाचा तो आंबूस गोड वास आणि त्याच्याखाली लोखंडाचा. बाहेर शून्याखाली, आत अकोला. मला क्षणभर खरंच रडू आलं.

"अगं ये, ये!" काकू पदर खोचून उभ्या होत्या. "चपला राहू दे, इथे सगळे बुटानंच हिंडतात मेले. बघितलंस का माझं अंगण? ढग नाही, वावटळ नाही, कावळा नाही. धुळ्याला असं ऊन असतं तर शेजारणींचंही करून दिलं असतं मी."

त्यांनी मला वाटीत गरम चीक दिला, वर दूध आणि साखर. मी उभ्यानं खाल्ला. मार्कस आला, भलाथोरला माणूस, कपाळ चोळत. काकू हे त्यांचं नावच आहे अशी त्याची समजूत होती. "काकू, टी?" तो म्हणाला. काकूंनी थर्मासमधून आल्याचा चहा ओतून दिला आणि मला मराठीत सांगू लागल्या, "याचं डोकं रोज दुखतं बघ. टोपी घालत नाही, मग वारं लागतं. डेव्हला तर मळमळतंसुद्धा. ते बर्गर खातात ना बाहेरचं. मी म्हटलं, आलं पोटात जाऊ दे, बरं वाटेल."

मी मार्कसला विचारलं, किती दिवस दुखतंय? तो हसला. "वीकेंडला एकदम फाइन असतं. मंडे आला की स्टार्ट. आय थिंक आय ॲम ॲलर्जिक टू वर्क."

मीही हसले. आणि तेवढ्यात वरचा जाळ विझला, पंख्याचा आवाज उतरत गेला. काकूंनी अगदी सहज कोपऱ्यातली काठी उचलली. उंच दोरीवर कपडे वाळत घालायला आपल्याकडे असते तसली लांब काठी, राजेशनं त्यांना मुद्दाम करून दिलेली. तिचं टोक वर नेऊन, नेम धरून, त्यांनी हीटरच्या मागचं लाल बटण अचूक दाबलं. जाळ पुन्हा पेटला.

"आम्ही शिडी लावायचो," मार्कस कौतुकानं म्हणाला. "शी इज फास्टर."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नव्या सुनेनं पहिली पुरणपोळी न फाटता उलटली की ती पाहते ना, तसं. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण नजर त्या बटणावरच राहिली.

ते लाल बटण कशासाठी असतं हे मला ठाऊक होतं. जळलेली हवा धुरांड्यातून वर जायच्या ऐवजी परत खाली यायला लागली की ते यंत्राला विझवतं. पुन्हा आपोआप पेटू देत नाही. माणसानं यावं आणि विचारावं, का विझलास बाबा, एवढ्यासाठी ते बटण. मी भिंतीकडे पाहिलं. हीटरला ताजी हवा मिळावी म्हणून अशा इमारतींत भिंतीला जाळ्या ठेवलेल्या असतात, एक वर, एक खाली. त्या दिसेनात. जिथे असायला हव्यात तिथे फुलाफुलांची चादर होती, आत प्लास्टिक, आणि चारी बाजूंनी करडी चिकटपट्टी, एकही फट न ठेवता.

"बर्फाचा भुगा यायचा गं आत," काकू म्हणाल्या. "सगळा कुरडयांवर. मार्कसनं लावून दिली."

आणि वेल्डिंगच्या टेबलावर धूर ओढणारा पंखा चालूच होता. तो दिवसभर आतली हवा बाहेर फेकत होता. बाहेरून हवा यायला वाट नाही, मग ती उरलेल्या एकाच वाटेनं यायची, धुरांड्यातून, उलटी. जाळाला नीट हवा मिळत नव्हती, अर्धवट जळत होता, आणि त्याचा तो बिनवासाचा, बिनरंगाचा विषारी वायू ही सगळी माणसं चहाबरोबर पीत होती.

मी ओरडले. "आउट! एव्हरीबडी आउट! नाऊ!" असं इंग्रजीत ओरडले. कामावर मी असंच ओरडते. काकूंना "चला" म्हणायचंही मला सुचलं नाही. मार्कस आणि डेव्ह धावले. मी मोठं शटर वर केलं, गॅसचा कॉक बंद केला. काकू मात्र मागे वळल्या. त्यांना वाटलं आग लागली, आणि त्या धोतराची टोकं गोळा करायला लागल्या, कुरडया वाचवायला. मी त्यांचं कोपर धरून त्यांना ओढलं. पॅलेट कलंडलं. माझ्या बुटांना पुढे लोखंडी पत्रा असतो, आणि त्या बुटांखाली कुरडया चुरडत गेल्या. तो आवाज हॉलमधल्या आवाजासारखाच होता.

बाहेर काकू मोज्यांवर चपला घालून बर्फात उभ्या. मार्कसनं आपलं जाकीट त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः फुटपाथच्या काठावर बसला. बसला आणि ओकला. डेव्ह गाडीला टेकून डोळे मिटून होता. मी फोन केला, ॲम्ब्युलन्स आली, अग्निशामक दलाचे लोक आले. दोघांच्या तोंडावर ऑक्सिजनचे मास्क लावून, स्ट्रेचरवर निजवून, त्यांना नेलं. काकू बघत होत्या. राजेश धावत आला, त्यानं आईला आपल्या गाडीत घातलं आणि दुसऱ्या दरवाजानं हॉस्पिटलात नेलं. मी तिथेच राहिले. अग्निशामक दलाच्या माणसाला काय झालं ते सांगितलं. राजेशला फोनवर सांगितलं. इमारतीच्या मालकाला सांगितलं. हवा कुठून यायला हवी होती, कुठून आली, हे हातवारे करून करून सांगितलं. गॅसच्या कॉकला लाल पाटी बांधली.

संध्याकाळी राजेशचा मेसेज आला की सगळे ठीक आहेत. काकूंना दाराजवळ बसायची सवय, त्यांना फार बाधलं नव्हतं. त्या दोघांनाही उद्या सोडतील. मी घरी जेवले, झोपले. सुटलो, असं वाटलं. ते वाटणं पुरतं दोन दिवसही टिकलं नाही.

कारण मग सुरू झालं माझं कौतुक. नीलिमानं वाचवलं. नीलिमा तिथे गेली नसती तर! संक्रांतीच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी माइकवरून माझं नाव घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी मला दोनदा तिळगूळ दिला. काकू दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, काळी चंद्रकळा नेसून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या, आणि टाळ्या संपायच्या आत उठून, जिथे सगळ्यांचे कोट टांगलेले होते तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मी स्टेजवरून ते पाहत होते. बरोबर आहे, मला वाटलं. ज्या बाईला देशभर बर्फ असताना बोटभर ऊन सापडलं होतं, तिचं ऊन मी गॅसच्या कॉकनं बंद केलं, आणि वर टाळ्या घेते आहे.

वर्कशॉपमध्ये नवा हीटर मीच बसवला. त्याला जाळासाठी लागणारी हवा बाहेरूनच, स्वतंत्र नळीतून येते; जळलेली हवा दुसऱ्या नळीतून बाहेर जाते. आतल्या हवेशी त्याचा संबंधच नाही. जाळ्या कुणी झाकल्या तरी तो आपला श्वास आपण घेतो. चांगल्या जाड सळ्यांवर, भिंतीपासून आणि छतापासून पुरेसं अंतर सोडून टांगला. हाताला येईल असा गॅसचा कॉक ठेवला. विषारी वायूचा अलार्म लावला. आणि खाली जमिनीवर पिवळ्या रंगानं चौकोन आखला, इथे काहीही ठेवायचं नाही. गुडघ्यावर बसून ब्रश फिरवत होते तर फरशीच्या फटीत चिकाचे पांढरे कण वाळून बसलेले दिसले. त्यांच्यावरूनच रंग मारला. आमच्या कंपनीत नवी माणसं आली की अजून तो हीटर त्यांना दाखवायला नेतात. बसवावा तर असा, म्हणतात.

आणि वाळवण बंद झालं. काकूंना राजेशनं पुन्हा कधी वर्कशॉपमध्ये नेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मंडळात कुणीतरी विचारलं, अरे, त्या कुरडया? "आई करत नाही हल्ली," राजेश म्हणाला. मग इंडियन स्टोअरमधून पाकिटातल्या कुरडया यायला लागल्या, पिवळट, तुकडे झालेल्या. लोकांनी त्या खाल्ल्या. मी नाही खाल्ल्या.

खरं सांगायचं तर, चूक केली असती तर सोपं होतं. चुकीची माफी मागता येते. मी जे केलं ते पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन, याच शब्दांत, याच आवाजात. मग माफी कशाची मागायची? काकू, तुम्हाला जिवंत ठेवलं, चुकलं माझं? हे असलं ओझं घेऊन मी त्यांच्या घरी जायचं टाळत राहिले. आधी सबबी असत, मग सबबींचीही गरज उरली नाही. वर्कशॉपची दरवर्षीची तपासणी मी दुसऱ्याच्या गळ्यात घालत असे. एकदा दुकानात काकू लांबून दिसल्या, ढकलगाडीला धरून हळूहळू चालत होत्या, ऐंशीच्या झालेल्या. मी डाळींच्या रांगेमागे उभी राहिले. वय वर्षे छप्पन्न, आणि तुरीच्या पोत्याआड लपले.

या ऑक्टोबरला मात्र लपता आलं नाही. आमचा एक माणूस गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला आणि राजेशचं वर्कशॉप माझ्या वाट्याला आलं. मॅपलची पानं पिवळीधमक होऊन रस्त्यावर पसरली होती. हीटर पेटवला, सगळं तपासलं, एकदम चोख. धूळ जळाल्याचा तो वास आला, आणि त्याच्यामागून दुसरा. राजेश म्हणाला, "घरी चल ना. तिथला अलार्म पण चेक करून देशील? चिर्प करतोय सारखा, बॅटरी गेली असेल." नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तो पुढे म्हणाला, "आई विचारत असते तुझं." मग मी त्याच्या गाडीमागे व्हॅन काढली.

दार ईशानं उघडलं. आता ती नोकरी करते. "हाय मावशी! आजी इज इन द सनरूम," म्हणाली आणि हळू आवाजात, "शी डझंट टॉक मच दीज डेज."

मागच्या काचेच्या खोलीत काकू वेताच्या खुर्चीत होत्या. किती लहान झाल्या होत्या. मी नमस्कार केला, समोर बसले. अलार्मची बॅटरी हातातच होती, ती नुसती फिरवत राहिले. मग म्हटलं आता बोलून टाकावं. "काकू, त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले. तुमच्या कुरडया तुडवल्या. तुमचं ते सगळं माझ्यामुळे बंद पडलं. मला फार वाईट वाटतं हो."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काहीतरी बोलते आहे. "कुरडयांचं काय घेऊन बसलीस? ओरडायलाच हवं होतं तू. आधीच कुणीतरी ओरडायला हवं होतं." त्यांनी दाराकडे पाहिलं, ईशा जवळ नाही ना म्हणून. मग पुढे झुकल्या.

"नीलिमा, तू तरी खरं सांगशील मला. त्या दोघांतलं कोण गेलं?"

"कोण दोघं?"

"मार्कस. आणि तो दुसरा. त्यांना नाकातोंडावर ते बांधून नेलं ना. जाळी मी झाकायला लावली. बटण मी दाबत होते. त्यांची डोकी दुखत होती आणि मी आल्याचा चहा देत होते, मूर्खासारखी. मी राजूला विचारलं, तर तो म्हणाला, आई, तो विषय नको आता. ईशाला विचारलं, ती म्हणाली, आजी, डोन्ट वरी. मंडळात तू वाचवलंस म्हणाले, ते मला वाचवलंस असं मी धरलं. मला वर्कशॉपमध्ये न्यायचं बंद केलं. माझा भाऊ वारला धुळ्याला, तेव्हा यांनी मला महिनाभर सांगितलं नव्हतं. तेव्हाही असंच म्हणायचे, आई, तो विषय नको. घरात असं बोलायला लागले की काय झालेलं असतं ते मला कळतं."

इतके हिवाळे ही बाई या काचेच्या खोलीत बसून, दोघांतलं कोण गेलं ते कळेना म्हणून दोघांचंही सुतक पाळत होती. आणि ज्या दिवशी मंडळात टाळ्या वाजल्या, त्या दिवशीही. मी त्या दिवशी अग्निशामक दलाला सांगितलं होतं, मालकाला सांगितलं होतं, राजेशला तर दोनदा सांगितलं होतं. मंडळात रंगवून रंगवून सांगितलं होतं, किती थोडक्यात वाचले सगळे ते. जिला सांगायला हवं होतं तिच्या घराशेजारून मी रोज गाडी नेत होते, माझ्याच अपराधाचं गाठोडं कवटाळून.

"काकू," मी म्हटलं, "कुणी गेलं नाही. दोघंही दुसऱ्या दिवशी घरी आले. मार्कस आता दुसऱ्या वर्कशॉपमध्ये असतो, गेल्या वसंतात भेटला होता मला. जाड झालाय. मुलगी झालीय त्याला. तुमची आठवण काढत होता. डेव्ह तर अजून राजेशकडेच आहे, आज सकाळीच शिडी धरून उभा होता माझी."

काकूंनी माझा हात धरला, अलार्मच्या बॅटरीसकट, घट्ट.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं. मार्कस जिवंत आहे. डेव्ह जिवंत आहे. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मराठीत, त्या दिवशी बर्फात त्यांच्याजवळ उभी होते तेव्हाच सांगायला हवं होतं तसं.